लेकराच्या मेंदूचे ब्रेक आणि आईची विश्रांती

सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापूस वेचणीत आठवा-नववा महिना लागलेली बाई शेतात दिसली, तर बुलडाणा जिल्ह्यात कोणालाही नवल वाटत नाही. बाळंतपणानंतर सव्वा महिना झाला की ती पुन्हा मजुरीवर. पण नेमक्या याच काळात लेकराचा मेंदू घडत असतो.

मेंदूत मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात. एक पुढच्या पेशीला ‘चल’ म्हणते, दुसरी ‘थांब’ म्हणते. ‘थांब’ म्हणणाऱ्या पेशी म्हणजे मेंदूचे ब्रेक. त्या संख्येने कमी. पण त्यांचे काम बिघडले तर मेंदूतले विजेचे संदेश अनावर होतात आणि आकडी येऊ शकते. या पेशी मेंदूच्या खोल भागात तयार होऊन वरच्या थराकडे सरकत जातात. हा प्रवास गर्भातच सुरू होतो, पण जन्माबरोबर संपत नाही. कपाळामागच्या भागाकडे निघालेल्या कितीतरी पेशी जन्मानंतरही काही महिने वाटेत असतात, हे २०१६ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. लेकरू दिवसांआधी जन्मले, तर ही घडण अर्ध्यातच पोटाबाहेर येते.

म्हणून नवजात बाळाचे डोळे एकटक लागले, हातपाय झटके देऊ लागले किंवा श्वास अडकला, तर ते ‘बाहेरचे’ नव्हे. भगताकडे जाऊ नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. बाळाला कुशीवर ठेवा आणि १०८ ला फोन करा. आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत घरी येते. तिला काहीही लपवू नका.

आकडी आली म्हणून आईला दोष देऊ नका. त्याची कारणे अनेक असतात. पण अपुरा आहार आणि अतिश्रम यांमुळे लेकरू दिवसांआधी किंवा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो, हेही तितकेच खरे.

काही जण म्हणतील, पूर्वीच्या बाया शेतातच बाळंत व्हायच्या. व्हायच्या; पण त्यांची किती लेकरे दगावली, हे कोणी मोजले?

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा काही भार सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. २०१७ पासून नोकरदार आईला २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. शेतमजूर आईला मात्र मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, तेही हप्त्यांनी. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच मदत. एवढ्यात किती दिवसांची मजुरी भरून निघते?

दोघींच्या लेकरांचा मेंदू सारखाच घडतो. मग विश्रांती एकीलाच का? शेतमजूर आईलाही बुडालेल्या मजुरीची पूर्ण भरपाई मिळाली पाहिजे. ही मागणी ग्रामसभेत मांडू या. तोवर घरातल्या पुरुषांनी निदान पाण्याची घागर आणि सरपणाची मोळी स्वतः उचलावी.