पत्रिका उरली, कार्यक्रम पुसले गेले : २३ नोव्हेंबर १९६३

१/ ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या कृष्णधवल काळाला ‘सुवर्णयुग’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. जुन्या कार्यक्रमपत्रिकेचे पिवळे पान समाजमाध्यमांवर फिरते आणि त्याखाली हळहळ व्यक्त होते. मात्र त्या पानावरचे बरेचसे कार्यक्रम आज कोणालाही पाहता येत नाहीत. ते काळाने गिळले नाहीत. ज्या संस्थेने घडवले, तिनेच ते पुसले. #थ्रेड

२/ उदाहरणादाखल एकच दिवस घेऊ : शनिवार, २३ नोव्हेंबर १९६३. आदल्याच दिवशी डॅलसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. बीबीसीवर दुपारी ‘ग्रँडस्टँड’ हा खेळांचा कार्यक्रम, सव्वापाचच्या सुमारास एक नवी मालिका, पुढे नव्या तबकड्यांवर निवाडा देणारी ‘ज्यूक बॉक्स ज्युरी’, लंडनच्या साध्या पोलिसाची ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ आणि रात्री ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’.

३/ हा शेवटचा कार्यक्रम एरवी राजकीय उपहासाचा. त्या रात्री उपहास बाजूला ठेवून केनेडींना श्रद्धांजली वाहिली गेली. लगेच तो भाग अमेरिकेत दाखवला गेला, त्याची तबकडीही निघाली. तो टिकला. परदेशात ज्याला मोल आले, ते सुरक्षित राहिले. उरलेल्या दिवसाचे काय झाले?

४/ ती नवी मालिका म्हणजे ‘डॉक्टर हू’. निर्माती व्हेरिटी लँबर्ट, वय २७. दिग्दर्शक वारिस हुसेन, वय २४, जन्म लखनौचा. लेखिका अतिया हुसेन यांचे ते चिरंजीव. पहिला भाग सुमारे ४४ लाख लोकांनी पाहिला. देशाच्या काही भागांत वीज गेल्याने पुढच्या शनिवारी तो पुन्हा दाखवावा लागला.

५/ याच हुसेन यांनी १९६४ साली ‘मार्को पोलो’ या कथेच्या ७ पैकी ६ भागांचे दिग्दर्शन केले. त्या सातांपैकी एकही भाग आज चित्ररूपात उपलब्ध नाही. उरला तो फक्त आवाज. मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांतले नव्वदहून अधिक भाग असेच नाहीसे झाले. ‘डिक्सन’च्या चारशेहून अधिक भागांपैकी मोजकेच शिल्लक आहेत; ‘ज्यूक बॉक्स ज्युरी’ तर जवळजवळ संपूर्ण गेली.

६/ यावर ठरलेला बचाव असा : चित्रफीत महाग होती, ती पुसून पुन्हा वापरता येत असे, नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या, रंगीत चित्र आल्यावर जुन्या मालाला गिऱ्हाईक उरले नाही. यातील प्रत्येक गोष्ट खरी आहे. तरीही हा बचाव टिकत नाही.

७/ कारण परदेशी विक्रीसाठी या कार्यक्रमांच्या प्रती फिल्मवर काढलेल्या होत्या. फिल्म पुसून पुन्हा वापरता येत नाही. तरीही विक्रीचे हक्क संपताच त्या प्रतीही नष्ट करण्यात आल्या. येथे फितीची किंमत वाचवण्याचा प्रश्नच नव्हता. वाचली ती कपाटातील जागा. काटकसरीचे कारण या ठिकाणी गळून पडते आणि मागे उरते ती बेपर्वाई.

८/ ही बेपर्वाईही सर्वांना समान नव्हती. १९५३ चा राज्याभिषेक जपला गेला, १९६५ ची चर्चिल यांची अंत्ययात्रा जपली गेली. राजमुकुट आणि शवपेटी यांना इतिहासाचा दर्जा मिळाला. शनिवारच्या संध्याकाळी लाखो घरांत जे पाहिले जाई, ते करमणूक म्हणून वापरून टाकण्याजोगे ठरले. वास्तविक त्या करमणुकीचा खर्च त्याच घरांनी परवाना शुल्कातून भरलेला होता.

९/ छापील पुस्तक व वृत्तपत्र यांची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याचे बंधन ब्रिटनमध्ये कायद्याने होते. दूरचित्रवाणीला असे बंधन नव्हते. संस्थेच्या आतही एका विभागाने दुसऱ्यावर हवाला ठेवला. जतन करणे हे कोणाचेच काम नसले की नष्ट करणे सोपे जाते. हे धोरण बदलायला १९७८ साल उजाडले.

१०/ मग जपले कोणी? दूरचित्रवाणी संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून घरबसल्या आवाज टिपणाऱ्या सामान्य प्रेक्षकांनी. हरवलेल्या सर्व भागांचा आवाज त्यांच्यामुळे आज ऐकता येतो. आणि २०१३ साली नऊ हरवलेले भाग परत मिळाल्याचे जाहीर झाले, ते नायजेरियातील जॉस शहरातून. साम्राज्याच्या राजधानीने जे फेकले, ते एका जुन्या वसाहतीतील प्रक्षेपण केंद्राच्या फळीवर शाबूत होते.

११/ म्हणून ‘सुवर्णयुग’ हा शब्द जपून वापरावा. आज दिसतो तो त्या काळाचा चाळून उरलेला अंश आहे, आणि चाळणी कलागुणांची नव्हती. कार्यक्रमपत्रिका एवढेच सांगते की काय दाखवायचे ठरले होते. प्रत्यक्षात काय दिसले, नट कुठे अडखळला, घरात कोणत्या क्षणी हशा पिकला, हे ती सांगू शकत नाही.

१२/ विस्मरण हे नेहमी काळाचेच काम नसते. पुष्कळदा त्यामागे एक टेबल असते, एक यादी असते आणि यादीखाली एक सही असते. पुढच्या वेळी ते पिवळे पान समोर आले, तर हळहळण्याआधी त्या सहीचा हिशेब मागावा.

#इतिहास #मराठी