सतराची नायिका, सत्तेचाळीसची वाचक

पन्नाशीकडे झुकलेली बाई सतरा वर्षांच्या मुलीच्या पहिल्या प्रेमाची कादंबरी वाचते, डोळे पुसते आणि "काय सुंदर लिहिलंय गं" म्हणत पुस्तक शेजारणीच्या हातात देते. एकदा असं झालं तर मला काहीच म्हणायचं नाही. पण वर्षानुवर्षं तीच बाई तेवढंच वाचत राहिली, तर मला तिची काळजी वाटते. आमच्या महिला मंडळात मी हे बोलले तेव्हा दोघीतिघी फुरंगटल्या. एक म्हणाली, "काकू, तुमचं आपलं काहीतरी जगावेगळं. आम्ही वाचतो हे काय थोडं झालं?" थोडंच झालं, म्हणून तर लिहायला बसले.

इंग्रजीत 'यंग ॲडल्ट' नावाचा एक कप्पा आहे. साधारण बारा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी लिहिलेली पुस्तकं त्यात येतात. अमेरिकेतल्या एस. ई. हिंटन हिनं शाळेत असतानाच 'द आउटसायडर्स' लिहायला घेतलं आणि 1967 साली ते छापून आलं तेव्हा ती अवघी अठराची होती. पोरांसाठी पोरीनंच लिहिलेलं ते पुस्तक. योग्यच झालं. त्या वयाचं दुःख मोठ्यांना खोटं वाटतं, तेव्हा ते खरं आहे असं सांगणारं कुणीतरी हवंच. माझा वाद त्या मुलांशी नाही. 2012 साली अमेरिकेत एक पाहणी झाली होती. या कप्प्यातली पुस्तकं विकत घेणाऱ्यांत 55 टक्के लोक अठराच्या पुढचे निघाले, आणि त्यातला सगळ्यात मोठा गट 30 ते 44 वयाचा. म्हणजे पोरांसाठी रांधलेलं ताट मोठ्यांनीच पुढ्यात ओढलं.

आपल्याकडे ही पुस्तकं लेकींच्या दप्तरातून आली. मुली इंग्रजी शाळेत गेल्या, त्यांनी 'ट्वायलाइट' आणलं, 'द हंगर गेम्स' आणलं, 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' आणलं. त्यातल्या शेवटच्या पुस्तकावर 2020 साली 'दिल बेचारा' हा हिंदी सिनेमा आला आणि घराघरात मोबाइलवर पाहून झाला. लेकी पुढे शिकायला पुण्याला, बेंगळुरूला गेल्या. पुस्तकं आयांच्या उशाशी राहिली.

आता ही पुस्तकं मी काय म्हणून वाचली ते सांगते. टीका करायची तर वाचून करावी, एवढं बी. ए.ला शिकले होते. आणि वाचताना माझं लक्ष सारखं एकाच गोष्टीकडे जाई. यातली आई कुठे आहे?

'हंगर गेम्स'मधली कॅटनिस सोळा वर्षांची. बाप खाणीतल्या स्फोटात गेला आणि आई दुःखानं मुकी होऊन बसली, म्हणून घर मुलीनं चालवलं. मुलीच्या मनात आईबद्दल जी अढी बसते ती लेखिकेनं चांगली रंगवली आहे. पण नवरा खाणीत गाडला गेल्यावर दोन लेकरांना समोर बसवून भिंतीकडे पाहत राहणारी ती बाई आतून काय झाली असेल, हे पुस्तकाला विचारावंसंच वाटत नाही. सोळाव्या वर्षी ते विचारायचं नसतंच. आपण मात्र त्या बाईच्या वयाच्या आहोत. आपणही मुलीच्याच बाजूनं त्या आईवर रागवायचं? तिसऱ्या भागाच्या अगदी शेवटी कॅटनिस मोठी झालेली दिसते. युद्ध संपलंय, नवरा आहे, मूल होऊ द्यायला मन तयार व्हायला कितीतरी वर्षं लागली आहेत, रात्रीची स्वप्नं अजून सुटलेली नाहीत. हे सगळं दोन-तीन पानांत आटोपतं. माझी कादंबरी तिथं सुरू व्हायला हवी होती!

'फॉल्ट इन अवर स्टार्स'चंही तेच. कॅन्सर झालेल्या मुलीची आई मुलीला न सांगता शिकत असते, समाजसेवेची पदवी घेत असते. मुलगी गेल्यावर आपण कोण उरू, हा प्रश्न त्या बाईनं एकटीनं सोडवायला घेतलाय. मुलीला ते शेवटाकडे कळतं, तिला आनंद होतो, आणि गोष्ट पुढे सरकते. मी पुस्तक तिथंच मिटून स्वयंपाकघरात गेले. आपलं मरणाच्या दारातलं मूल शेजारच्या खोलीत झोपलंय आणि बाई अभ्यासाला बसलीय. किती अपराधी वाटलं असेल तिला! पहिल्या दिवशी वही उघडताना हात थरथरला असेल. नवऱ्याशी काय बोलली असेल? यातलं काहीच त्या पुस्तकाच्या वाट्याचं नाही, कारण ते मुलीचं पुस्तक आहे. लेखकाचा दोष नाही. त्यानं ते ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना ते पुरेसं आहे. आपल्याला पुरेसं वाटतं, हा प्रश्न आपला आहे.

आणि 'ट्वायलाइट'! स्टेफनी मेयर ही गृहिणी, पदरात तीन मुलगे, तिनं 2003 साली ती लिहायला घेतली. म्हणजे तुमच्यामाझ्यासारखीच डबे भरणारी बाई. तिच्या गोष्टीतला नायक 1901 साली जन्मलेला, रक्तपिपासू म्हणून कायम सतराचा राहिलेला, आणि अजून शाळेत जाऊन बसतो. शंभरी उलटली तरी हा आपला अकरावीच्या बाकावर! या माणसानं शंभर वर्षांत शिकलं काय, असं कुणी विचारत नाही. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला नायिका अठरा वर्षांची होते आणि स्वप्नात स्वतःला म्हातारी झालेली पाहून घाबरते. अठराव्या वर्षी! पुढे तिला मूल होतं, ते सात वर्षांत पूर्ण वाढणार असतं. जागरणं नाहीत, गोवर नाही, दहावीचं टेन्शन नाही. आईपणातली सगळी वर्षंच गाळून टाकली. त्या लेखिकेला थोडी विश्रांती हवी होती हे मी समजू शकते. पण बायांनो, जे पुस्तक म्हातारपणाला इतकं भितं, ते आपण गुडघ्याला तेल चोळत वाचतो, हे जरा बघा तरी.

कुणी म्हणेल, हा सगळा करमणुकीचा मामला, एवढं काय मनावर घ्यायचं? मला यात मोठं काहीतरी पणाला लागलेलं दिसतं. आमच्याकडे बाई चाळीस-पंचेचाळीसची झाली की तिच्यापुढे जे प्रश्न येतात, त्यांना सोबत करणारं तिच्याजवळ काही नसतं. वडील वारतात. वर्षश्राद्ध आपल्यात नसलं तरी भाऊ वर्षाच्या आतच गाडी घेऊन येतो. "अक्का, एक सही करायची होती." हक्कसोडपत्र. 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, आणि तो कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे, हे तिला माहीत असतं किंवा नसतं. सही केली तर स्वतःशी भांडण, नाही केली तर माहेर तुटलं. त्या दिवशी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीबाहेर बाकावर बसलेल्या बाईच्या मनात काय चालतं? सतरा वर्षांच्या नायिकेला ते कधीच विचारता येणार नाही. तिच्या गोष्टीत फक्त 'तो मिळेल का' एवढाच प्रश्न असतो. तो मिळाल्यावर सातबाऱ्याचं काय, हे तिला ठाऊक नाही.

दुसरं उदाहरण आपल्याच धर्मातलं. 2015 च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं संथारा बेकायदा ठरवला आणि महिन्याच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हा बस्तीबस्तीत सभा झाल्या, मोर्चे निघाले. चिकोडीकडच्या भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज, त्यांनी 1955 साली कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, त्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. पुरुष माइकवरून बोलले. पण ज्या घरात एखादी सासू हळूहळू एकेक पदार्थ सोडत जाते, त्या घरात ताट वाढणारी आणि ताट परत नेणारी सून असते. श्रद्धा आहे, भीती आहे, थकवा आहे, आणि कुठेतरी न बोलण्यासारखी सुटकेची भावनाही आहे. ते शब्दात धरायला भाषा लागते, आणि ती भाषा मोठ्यांच्या पुस्तकांतच मिळते. ज्या बाईनं आयुष्यभर फक्त पहिल्या प्रेमाची भाषा घोटली, ती अशा वेळी "काय बोलायचं ते सुचत नाही हो" एवढंच म्हणते.

आपल्या परंपरेला हे कळत होतं, असं मला वाटतं. राजुलची कथा घ्या. नेमिनाथांची वरात येते, बांधलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून ते रथ माघारी फिरवतात. आजची पोरांची कादंबरी इथं राजुलच्या अश्रूंवर संपली असती, नाहीतर तिला दुसरा कुणी मिळाला असता. आपली राजुल रडते, भरपूर रडते, आणि मग गिरनारची वाट धरते. तिची खरी गोष्ट मांडवाच्या पलीकडे आहे.

आणि दानचिंतामणी अत्तिमब्बे. आपल्या मुलींना एकदा तिचं नाव विचारून बघा. दहाव्या शतकातली ही कन्नड प्रांतातली जैन बाई. नवरा नागदेव लढाईत पडला, तिची बहीणच तिची सवत होती, ती सती गेली, ही मुलासाठी मागे राहिली. आणि मागे राहून हिनं काय केलं? पोन्नाच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती ताडपत्रांवर उतरवून घेतल्या आणि वाटल्या. मुधोळच्या रन्नाला आश्रय दिला, त्यानं 993 साली अजितपुराण रचलं आणि त्यात तिचा गौरव केला. हजार प्रती, एकेक अक्षर हातानं कोरलेलं. आपल्या समाजातल्या बाईचं पुस्तकाशी इतकं थोर नातं होतं, आणि ते विधवापणात, प्रौढपणात फुललं.

मग मुलांविषयीचं काहीच वाचायचं नाही की काय? असं मी म्हटलेलं नाही. पोरांसाठीचं पुस्तक आणि पोराविषयीचं पुस्तक यात फरक आहे, तो मात्र ओळखा. प्रकाश नारायण संतांचा लंपन आपल्याच बेळगावकडच्या मातीतला. 'वनवास' 1994 साली आलं. लंपन आजी-आजोबांकडे राहतो, आईवडील दुसऱ्या गावी. असं का, हे त्याला नीट उमगत नाही, तो त्याबद्दल फार बोलतही नाही. पण पुस्तकाचं नावच वनवास आहे. त्याच्या न बोलण्यातून आपल्याला त्याची आई दिसते, आजीचं वय दिसतं, आजोबांचं गप्प बसणं कळतं. मिलिंद बोकिलांच्या 'शाळे'त नववीतला मुलगा प्रेमात पडलाय आणि बाहेर आणीबाणी चालू आहे. त्याला ती पुरती कळत नाही, आपल्याला कळते. अशा पुस्तकात मूल पाहतं आणि मोठा माणूस समजतो. दोघांनाही जागा असते. ज्या पुस्तकात मुलाला कळलं तेवढंच जग असतं, ते पुस्तक आपण वाढताना मागे टाकायचं, जशी परकर-पोलक्याची जोडी आपण टाकली. तिच्यावर राग म्हणून नव्हे, अंगाला येईना म्हणून.

"लेकीला समजून घ्यायला वाचते" असं सांगणाऱ्याही आहेत. चांगलं आहे. पण लेक आता तीस वर्षांची, तिला दोन मुलं. तिला समजून घ्यायचं तर पुस्तक बदलायला नको का? आणि "डोक्याला ताप नको" म्हणणाऱ्यांना मी काही बोलत नाही, दिवसभर राबलेल्या बाईला विसावा हवाच. मात्र विसाव्यालाही मोठ्यांची पुस्तकं आहेत. ॲगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल ही म्हातारी, विणकाम करता करता खुनी पकडते. हसत वाचा.

मला स्वतःला गौरी देशपांडे यांनी हात दिला. 'एकेक पान गळावया' या पुस्तकातल्या बायका तरुण नाहीत, शहाण्या म्हणाव्यात तर तशाही नाहीत, चिडतात, चुकतात, नवऱ्याशी आणि म्हातारपणाशी हिशेब करत बसतात. पहिल्या वाचनात मला त्यातली एक तर अजिबात आवडली नव्हती. तिच्याशी मी अजून भांडते. सतरा वर्षांच्या नायिकेशी भांडायला काही उरतच नाही, ती बिचारी आपल्याला आवडण्यासाठीच जन्माला आलेली असते.

पुढच्या महिन्यात मंडळाची बैठक आमच्याकडे आहे. 'एकेक पान'च्या दोन प्रती आणि 'वनवास'ची एक माझ्याकडे आहे, वाचनालयातून आणखी एक मिळेल. ज्या फुरंगटल्या होत्या त्यांनाच आधी देणार आहे. आवडलं नाही तर त्यांनी यावं आणि माझ्याशी भांडावं. चहा करून ठेवते, सूर्यास्ताच्या आत चिवडाही होईल.