११० हा आकडा कोणी ठरवला?

औद्योगिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कार्य-अभ्यासाच्या परीक्षेत हमखास भेटणारे एक गणित आहे. एक नग तयार करण्यास कामगाराला घड्याळाप्रमाणे ०.८० मिनिट लागले. त्याच्या वेगाचे रेटिंग ११०. विश्रांती व इतर गरजांसाठी सवलत १५ टक्के. तर प्रमाण वेळ काढा. विद्यार्थी ०.८० ला १.१० ने गुणतो, त्यात १५ टक्के मिळवतो आणि १.०१२ मिनिट असे उत्तर लिहून मोकळा होतो. आठ तासांच्या पाळीला ४७४ नग. उत्तर बरोबर, गुण पूर्ण.

गणितात चूक काहीच नाही. प्रश्न असा, की ११० हा आकडा आला कोठून? ०.८० मिनिट घड्याळाने मोजले, पण ११० कोणत्याच घड्याळावर दिसत नाही. निरीक्षक कामगाराकडे पाहतो, त्याचा वेग सर्वसाधारण कामगारापेक्षा किती अधिक वा उणा आहे हे मनाशी ठरवतो आणि आकडा मांडतो. त्याच कामगाराला त्याने चपळ न मानता सर्वसाधारण मानले असते, तर रेटिंग १०० झाले असते, प्रमाण वेळ ०.९२ मिनिटावर आली असती आणि त्याच पाळीत ५२१ नग मागितले गेले असते. एका माणसाच्या अंदाजातील दहा अंकांपायी खात्यातील प्रत्येकाच्या माथी रोज ४७ नग अधिक!

सवलतीचेही तसेच. पुस्तकांतल्या रूढ तक्त्यात वैयक्तिक गरजांसाठी पुरुषाला ५ आणि स्त्रीला ७ टक्के, तर मूलभूत थकव्यासाठी दोघांनाही ४ टक्के सवलत असते. उभ्याने काम, उष्णता, गोंगाट यांसाठी वेगळी भर. परंतु पहाटे घरचे पाणी भरून, दोन गाड्या बदलून पाळीवर आलेल्या बाईचा थकवा कोणत्या रकान्यात मांडायचा, हे तक्ता सांगत नाही. वस्तुतः हे सारे आकडे म्हणजे निर्णय आहेत. अभ्यासक्रमात मात्र ते लोखंडाच्या वितळबिंदूसारखे, निसर्गानेच नेमून दिल्यासारखे शिकवले जातात. आमचा आक्षेप आहे तो येथे.

या शास्त्राचा आद्य पुरुष फ्रेडरिक टेलर. बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात १८९९ साली कच्च्या लोखंडाच्या लगडी वाघिणीत भरणाऱ्या मजुराचे दिवसाचे काम आपण १२.५ टनांवरून ४७.५ टनांवर नेले, असे त्याने १९११ च्या आपल्या ग्रंथात सांगितले आहे. मजुरी १.१५ डॉलरची १.८५ डॉलर झाली. म्हणजे काम जवळजवळ चौपट, आणि मजुरी दीडपटीहून थोडी अधिक. त्या मजुराच्या बुद्धीची तुलना टेलरने बैलाशी केली, हेही त्याच ग्रंथात आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाउन येथील लष्करी शस्त्रागारात ओतकामगारांवर स्टॉपवॉच लावताच त्यांनी काम सोडले. अमेरिकन काँग्रेसने चौकशी समिती नेमली, १९१२ साली टेलरची साक्ष झाली आणि १९१५ पासून लष्करी खर्चाच्या विधेयकात स्टॉपवॉचवर बंदी आली. टेलरचे नाव प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. वॉटरटाउनचे किती जणांना ठाऊक असते?

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. १९२८ साली मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर होते. मालकांच्या 'कार्यक्षमता' योजना हे त्या संपाचे एक मुख्य कारण होते. दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन साचे चालवावेत, अशी ती कार्यक्षमता. हा वाद पुढे फॉसेट समितीपुढे गेला. याच मुंबईत पवईला १९६३ साली औद्योगिक अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी 'निटी' ही राष्ट्रीय संस्था उभी राहिली. २०२३ पासून ती आयआयएम मुंबई झाली आहे. गिरणगाव तेथून फार दूर नाही. तरीही त्या संपाचा इतिहास या विद्याशाखेच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचलेला दिसत नाही.

हे शास्त्रच मुळात कामगारविरोधी आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. फ्रँक गिलब्रेथने गवंड्याच्या हालचाली १८ वरून ५ वर आणल्या, त्या विटा त्याच्या हाताशी येतील अशी परांची रचून. प्रत्येक विटेसाठी वाकणे त्यामुळे वाचले. लिलियन गिलब्रेथने थकव्याचा स्वतंत्र अभ्यास केला. पाठ वाचवणारे शास्त्र आणि पाठ मोडणारे शास्त्र यांची सूत्रे एकच आहेत. फरक पडतो तो आकडा ठरवताना कोण हजर असते यावरून.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. गोदामांत माल शोधणाऱ्या, वेष्टने बांधणाऱ्या कामगाराच्या हातातले यंत्रच त्याचे सेकंद मोजते. निरीक्षक दिसतही नाही. कॅलिफोर्नियात २०२१ साली मंजूर झालेल्या कायद्याने गोदाममालकांवर कामाचा कोटा लेखी कळवण्याचे बंधन घातले आणि जेवण, विश्रांती वा स्वच्छतागृह यांच्या आड येणारा कोटा अवैध ठरवला. आपल्या राज्यघटनेत १९७६ सालीच ४३-अ हे कलम घालून उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे तत्त्व मान्य करण्यात आले. परंतु ते मार्गदर्शक तत्त्वांतले असल्यामुळे न्यायालयात त्याचा आग्रह धरता येत नाही. मग तो निदान वर्गात तरी का धरू नये?

आमच्या सूचना साध्या आहेत. एकाच कामाचे रेटिंग वर्गातील सर्वांकडून आणि त्याबरोबर चार अनुभवी कामगारांकडूनही करून घ्यावे, आणि आकड्यांत पडलेली तफावत फळ्यावर मांडावी. टेलरच्या ग्रंथाशेजारी फॉसेट समितीचा अहवाल वाचायला लावावा. विद्यार्थ्याचा प्रकल्प-अहवाल ज्या खात्यावर लिहिला, तेथील कामगारांसमोर त्याची तोंडी परीक्षा व्हावी. आणि ज्याने प्रमाण वेळ काढली, त्याने त्या वेळेने निदान एक पूर्ण पाळी त्याच यंत्रावर काम करावे. त्यानंतरही त्याला ११० हाच आकडा योग्य वाटला, तर त्याने तो अवश्य लिहावा.