आठाचा पाढा आणि हेलियम

“अणु स्थिर केव्हां होतो?” असें वर्गांत विचारलें असतां, “बाहेरच्या कक्षेंत आठ इलेक्ट्रॉन झाले म्हणजे,” हें उत्तर बहुतेक मुलें एका सुरांत देतात. उत्तर चूक नव्हे, पण तें अर्धें आहे. आणि पाठ केलेलें अर्धें उत्तर जिज्ञासेचें दार लावून घेतें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या अर्धसत्याचें एक उदाहरण आमच्या किनाऱ्यावरच आहे. विजयदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांत होता. आतां तो सिंधुदुर्गांत मोडतो. हेलियमचा शोध या किल्ल्यावरून लागला असें पुष्कळ लोक सांगतात व तेथील ‘साहेबाचे कट्टे’ अभिमानानें दाखवितात. परंतु १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणांत फ्रेंच ज्योतिषी जान्सेन यानें निरीक्षण केलें तें गुंटूर येथून. लॉक्यर साहेब त्या वेळीं इंग्लंडांत होता. सूर्याच्या वर्णपटांतील ती पिवळी रेषा त्यानें त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तेथूनच पाहिली. विजयदुर्गास तो आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं. तत्पूर्वीं १८९५ सालीं रॅम्से यानें हेलियम पृथ्वीवरही शोधून काढला होता. एवढा थोर शास्त्रज्ञ समुद्र ओलांडून आमच्या किल्ल्यावर दुर्बिणी मांडतो, हा मान काय थोडा आहे? त्यास खोट्याची जोड कशाला?

आतां ‘आठाच्या पाढ्या’कडे वळूं. त्याला पहिला अपवाद हेलियमच आहे! त्याजपाशीं इलेक्ट्रॉन दोनच. पण पहिल्या कक्षेंत जागाच दोघांची, म्हणून ती भरली. त्यांतील एक काढावयाचा तर मोलामागें २३७२ किलोजूल ऊर्जा लागते. कोणत्याही मूलद्रव्याचा पहिला इलेक्ट्रॉन काढण्यास इतकी लागत नाहीं. स्थैर्य म्हणतात तें हें.

रोजच्या मिठाचें पाहा. सोडियमची मांडणी २, ८, १ व क्लोरीनची २, ८, ७. “सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन आनंदानें देतो,” असें मुलें लिहितात. आनंद कसला? तो सोडविण्यास मोलामागें ४९६ किलोजूल खर्च होतात, आणि क्लोरीननें तो घेतल्यावर परत मिळतात ३४९. एवढ्यावर हिशेब थांबला तर व्यवहार तोट्याचाच! परंतु ते विजातीय भारांचे कण एकमेकांस ओढून स्फटिकांत रचले जातात, तेव्हां सुमारें ७८७ किलोजूल बाहेर पडतात व जमाखर्च फायद्यांत येतो. अणूला इच्छा नसते. एकंदर ऊर्जा जेथें कमी, तेथें स्थैर्य.

आणि ज्याच्या भिंतींत आम्ही राहतों, त्या जांभ्याला विचारा. त्याचा तांबूस रंग लोहाच्या ऑक्साइडांचा. लोहाची मांडणी २, ८, १४, २. त्यांतील तीन इलेक्ट्रॉन गेल्यावर बाहेरच्या कक्षेंत उरतात तेरा. आठाचा नियम येथें मोडला, तरी जांभा कोंकणच्या पावसांत पिढ्यान् पिढ्या उभाच आहे.

म्हणून नियम टाकून द्यावा काय? मुळींच नव्हे. हलक्या मूलद्रव्यांपुरती ती उत्तम वाट आहे; परंतु वाट म्हणजे मुक्काम नव्हे. परीक्षेंत आठ लिहून गुण मिळतील हें आम्ही जाणतों. तथापि पालकांनीं घरीं मुलास “किती गुण?” यासोबत “असें कां?” हेंही विचारावें. आणि विद्यार्थ्यांनीं पाठ्यपुस्तकांतील नियमास व गांवांतील दंतकथेस एकच प्रश्न करावा: हें कशावरून? जो मुलगा हें विचारावयास शिकला, त्याच्या हातीं विजयदुर्गाचा अभिमानही सुरक्षित राहील आणि रसायनशास्त्रही.