आमिष म्हणता, तर हिशेब मांडू

‘ख्रिस्ती माणसाचे प्रेम म्हणजे गळाला लावलेले आमिष.’ भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये चहाच्या टपरीवर, बाजारात, क्वार्टरच्या फाटकाशी हे वाक्य आता कुणी दबक्या आवाजात बोलत नाही. बोलणारे परकेही नाहीत. ज्यांच्या घरच्या गणपतीचे मोदक आम्ही खाल्ले आणि ज्यांच्या मुलांनी नाताळात आमच्याकडच्या करंज्या खाल्ल्या, ते शेजारीच हे बोलतात. म्हणून उत्तर देणे भाग आहे, आणि तेही पूर्वपक्ष नीट मांडून.

आक्षेप जुना आहे. भिलाई पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार १९५५ मध्ये झाला. तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीचा अहवाल आला. मिशनच्या शाळा, दवाखाने, अनाथालये धर्मांतरासाठी राबवली जातात, गरिबांच्या अडचणीचा फायदा उठवला जातो, असे त्याचे म्हणणे होते. टपरीवरचा आजचा आक्षेप तिथूनच आला आहे. तो मी झटकून टाकणार नाही. भुकेल्याच्या हातावर भाकरी ठेवताना त्याच्या बाप्तिस्म्याचा विचार करणारा कुणी कधी नव्हताच, असे छातीठोकपणे सांगणे खोटेपणाचे होईल. पण अहवालाचा दाखला देणारे एक गोष्ट सांगत नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, त्याच नागपुरात, डॉ. आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्यांत हेच नियोगी होते. म्हणजे माणसाने विचारपूर्वक धर्म बदलणे त्यांनाही पाप वाटत नव्हते. वाद आमिषाचा आहे, तर आमिषाबद्दलच बोलू.

आमिष ही ख्रिस्ताची शिकवण आहे काय? लूककृत शुभवर्तमानातला दयाळू शोमरोनी आठवा. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला झोडपून अर्धमेला टाकलेला. याजक बाजूने निघून जातो, लेवी निघून जातो. थांबतो तो शोमरोनी, ज्याच्या जातीचा यहुद्यांना विटाळ. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, स्वतःच्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो आणि वरखर्च परत येताना फेडीन म्हणतो. जखमीला तो धर्म विचारत नाही. बरा झाल्यावर शोमरोनी हो, असेही सांगत नाही. त्या जखमीचे पुढे काय झाले, तो कोणत्या देवळात गेला, हे कथा सांगतच नाही, कारण येशूच्या लेखी त्याला महत्त्व नव्हते. त्याच शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकच परततो. येशूला नऊ जणांचे वाईट वाटते, तो विचारतोही. पण त्या नऊ जणांचे कुष्ठ परत येत नाही. परतफेडीच्या अटीवर दिलेले दान असते, तर ते परत घेतले गेले असते.

‘प्रेम ही भावना आहे, तिची आज्ञा कशी करता येईल?’ हा आक्षेप सुशिक्षितांचा. त्याचे उत्तरही यरीहोच्या त्या वाटेवरच मिळते. शोमरोन्याच्या मनात काय दाटून आले ते सविस्तर कुणी सांगत नाही. कथा भरली आहे ती तेल, पट्ट्या, जनावर आणि दिनार यांनी. आज्ञा कृतीची आहे. आणि ती कृती करण्याचे बळ कुठून यायचे, यावर ख्रिस्ती शिकवण ठाम आहे: देवाने आधी प्रेम केले, आपण लायक नसताना केले. त्याचा सूर्य उगवतो तो चांगल्यांच्या आणि वाइटांच्या, दोघांच्या अंगणात.

आता आपल्या जवळचा दाखला. भिलाईहून दुर्ग ओलांडून पश्चिमेला गेले की राजनांदगाव लागते. १८९३ च्या सुमारास कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून या संस्थानाकडे निघाले होते. आगगाडीत एका गोऱ्या मिशनऱ्याशी गप्पा झाल्या आणि त्याने निघताना नवा करार हाती दिला. टिळक सनातनी वळणाचे नव्हते, पण ख्रिस्ती व्हायचे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. वाचायचे कबूल केले म्हणून वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले. शत्रूवर प्रीती करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, हे सांगणाऱ्याने त्यांना सोडले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मिळाले काय? नातलग तुटले, समाज तुटला, आणि पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलासह काही वर्षे दुरावल्या. ते दुःख लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि ज्याने ते पुस्तक वाचले आहे त्याने टिळकांच्या धर्मांतराला आमिष म्हणून दाखवावे. लक्ष्मीबाईंनी पुढे १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याच्या धाकाने नव्हे. सोवळे-ओवळे आणि जात माणसांनी केलेली आहे, हे स्वतःच्या बुद्धीला पटल्यावर. आणि १९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची संगत उभी केली, तीत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा ठेवली. माणसे मोजणारा माणूस असे करीत नाही.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून अवघड, म्हणून ती टाळणे बरे नव्हे. १८८९ मध्ये विधवा मुलींसाठी त्यांचे शारदा सदन निघाले. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती होत असल्याच्या तक्रारीवरून रानडे, भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे बाजूला झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई याच मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना घेऊन गेल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. त्या मुली रस्त्यावर मेल्या असत्या किंवा विकल्या गेल्या असत्या. टीका करणाऱ्यांपैकी किती जण त्यांना आणायला दुष्काळात उतरले होते? तरीही माझे मत असे आहे, आणि ते माझ्या मंडळीतल्या काहींना आवडणार नाही: ज्याच्या हातून अन्न मिळते त्याला नकार देणे उपाशी माणसाला जड जाते. म्हणून अन्न देणाऱ्यावर संयमाची जबाबदारी दुप्पट आहे. प्रेम करणाऱ्याने समोरच्याच्या नकाराची वाट मोकळी ठेवलीच पाहिजे. हे मी नियोगी अहवालाच्या भीतीने म्हणत नाही, त्या शोमरोन्यामुळे म्हणतो.

मात्र आक्षेप घेणाऱ्यांनीही चांपाला जाऊन यावे. १९०२ मध्ये मेनोनाइट मिशनरी पेनर यांनी तिथे कुष्ठरोग्यांसाठी आसरा सुरू केला. घरच्यांनी हाकललेल्या, बोटे झडलेल्या माणसाच्या जखमा रोज धुण्यात कसला फायदा असतो, हे मला कुणी समजावून सांगावे.

आता तोंड आमच्याकडे वळवतो, कारण खरे दुखणे तिथे आहे. आमच्या भिलाईत मल्याळी मंडळी वेगळी, तेलुगू वेगळी, हिंदी-छत्तीसगढी वेगळी. भाषेसाठी वेगळे बसणे समजू शकतो. पण उपासना संपल्यावर अंगणात घोळके पडतात ते भाषेचे राहत नाहीत. प्लांटमधला रेग्युलर माणूस रेग्युलरशी बोलतो. ठेका मजूर धुतलेला शर्ट घालून, बायको-मुलांना घेऊन भिंतीशी उभा असतो, पाद्रीसाहेबांशी हात मिळवतो आणि सायकल काढतो. त्याची मजुरी महिनोन्महिने अडते, हे आम्हाला माहीत असते. मजुराची अडवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते, असे याकोबाच्या पत्रात आहे. ठेका मजुरांसाठी लढणाऱ्या शंकर गुहा नियोगींना २८ सप्टेंबर १९९१ रोजी याच भिलाईत गोळी घातली गेली. दिसणाऱ्या भावावर जो प्रेम करीत नाही तो न दिसणाऱ्या देवावर प्रेम करतो म्हणतो तेव्हा खोटे बोलतो, असे योहान लिहितो. टपरीवरच्या कोणत्याही आरोपापेक्षा हा आरोप जड आहे, आणि तो आमच्याच ग्रंथात आहे.

राहिला शत्रूवरच्या प्रेमाचा प्रश्न. ते दुबळ्यांचे तत्त्वज्ञान आहे, असे म्हणतात. २५ जुलै २०२५ रोजी आपल्या दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन नन्सना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली आणि २ ऑगस्टला बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने त्यांना जामीन दिला. त्या आठवड्यात आमच्यातल्या अनेकांच्या तोंडी शिव्या आल्या. संताप समजतो, पण त्या रविवारी आरोप करणाऱ्यांचे भले व्हावे म्हणून प्रार्थना करणे ही कोणत्याही घोषणेपेक्षा अवघड गोष्ट होती, आणि आज्ञा तीच होती. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळले गेले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि पुढेही काही वर्षे बारीपदात राहून कुष्ठरोग्यांची सेवा केली. खटला चालला, जन्मठेपही झाली. क्षमेने न्याय थांबला नाही. याला दुबळेपणा म्हणणाऱ्याने तिच्या जागी उभे राहून पाहावे.

तेव्हा दोन्ही बाजूंना माझी विनंती आहे. शेजाऱ्यांनो, आमिषाचा पुरावा असेल तर नाव-गाव घेऊन समोर या, मी तुमच्या बाजूने बोलेन. नसेल तर हे वाक्य परत घ्या. आणि मंडळीच्या पंचांनो, आपल्या मदतीच्या अर्जावर धर्माचा रकाना असेल तर तो काढा, मदतीचे वहीखाते कुणालाही पाहता येईल असे ठेवा, आणि येत्या रविवारी भिंतीशी उभ्या असलेल्या मजुराला त्याची मजुरी मिळाली का, हे आधी विचारा.