तेरा वर्षं वाया गेली?

आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून जे वाचनालय आहे, त्याच्या माडीवर महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दहा-बारा जणी जमतो. एक पुस्तक ठरवायचं, महिनाभरात वाचायचं आणि त्यावर बोलायचं, असा बेत. पुस्तकावरचं बोलणं बहुधा अर्ध्या तासात आटोपतं आणि मग गाडी सुना, गुडघे आणि साबुदाणावड्यांवर येते. गेल्या वेळी मात्र साडेसात वाजून गेले तरी कुणी उठेना. ग्रंथपालबाईंनी दोनदा किल्ल्या वाजवून पाहिल्या. भांडण चाललं होतं एका इंग्रजी प्रेमकथेवरून. आणि एरवी सगळ्यांत जास्त बोलणारी मी त्या दिवशी गप्प होते. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हा लेख, असं समजायला हरकत नाही.

कादंबरी डेव्हिड निकल्स या ब्रिटिश लेखकाची, 'वन डे'. ती २००९ साली आली, पुढच्या वर्षी तिकडे 'गॅलक्सी बुक ऑफ द इयर' ठरली, २०११ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर चौदा भागांची मालिका. मालिकेत नायिका झाली आहे भारतीय वंशाची अंबिका मॉड. आमच्यातल्या सर्वांत धाकट्या सभासदाने ती मालिका पाहूनच हे पुस्तक सुचवलं. घरी मी ते टेबलावर ठेवलं तेव्हा आमच्या ह्यांनी क्रिकेटवरचं समजून उचललं, दोन पानं चाळून खाली ठेवलं. पुढे काय झालं ते नंतर सांगते.

कथा थोडक्यात अशी. (शेवट आधी कळलेला ज्यांना खपत नाही त्यांनी इथेच थांबावं. माझा नाइलाज आहे.) १५ जुलै १९८८, एडिंबरा विद्यापीठाच्या पदवीदानाची रात्र. एमा मोर्ली ही यॉर्कशायरमधल्या साध्या घरातली, हुशार, तिखट जिभेची, जग सुधारायला निघालेली मुलगी. डेक्स्टर मेह्यू हा देखणा, पैसेवाल्या घरचा, कशाचंच ओझं न वाटणारा मुलगा. दोघं त्या रात्री जवळ येतात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या वाटेने जातात. त्यानंतर लेखक दरवर्षी फक्त १५ जुलैचा दिवस उघडून दाखवतो. मधले तीनशे चौसष्ट दिवस आपण ताडायचे. एमा लंडनमधल्या एका मेक्सिकन हॉटेलात गिऱ्हाइकांना वाढते, मग शाळेत शिकवते, मग मुलांसाठी पुस्तकं लिहू लागते. डेक्स्टर टेलिव्हिजनवर चमकतो, दारू आणि नशेत घसरतो, आई गमावतो, लग्न करतो, एका मुलीचा बाप होतो, घटस्फोट घेतो. शेवटी २००१ साली पॅरिसमध्ये दोघं एकमेकांना हो म्हणतात. लग्न होतं. आणि २००४ च्या १५ जुलैला सायकलवरून त्याला भेटायला निघालेली एमा अपघातात जाते.

ही तारीख का? इंग्लंडात पंधरा जुलै हा सेंट स्विदिनचा दिवस. त्या दिवशी पाऊस पडला तर पुढे चाळीस दिवस पडतो, असा तिकडचा लोकसमज आहे. आपल्याकडे त्या सुमाराला पुनर्वसू नक्षत्र चालू असतं. त्या पावसाला आपण 'तरणा' म्हणतो आणि आठवड्याभराने पुष्य लागलं की तो 'म्हातारा' होतो. निकल्सना आपलं पंचांग माहीत असण्याचं कारण नाही, पण त्यांच्या कादंबरीला ते फार शोभलं असतं.

आता भांडण. आमच्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी पहिल्याच वाक्यात निकाल दिला. "इतकी गुणी पोर, आणि त्या उडाणटप्पूपायी तेरा वर्षं वाया घालवली. विद्यार्थिनी असती माझी तर कान धरला असता." धाकटी सभासद एका बँकेत अधिकारी आहे, अठ्ठावीस वर्षांची. तिचा राग वेगळा होता. एमा मरते ती लेखकाच्या सोयीसाठी, असं तिचं म्हणणं. डेक्स्टर सुधारला, आता वाचकाला रडवायला काहीतरी हवं, म्हणून बाई मारली. पुरुषाला शहाणं करायला बाईने आयुष्य द्यायचं, हे किती दिवस चालणार? टाळ्या पडल्या. तिसरीचं म्हणणं, हे दोघं पहिल्या रात्रीच एकमेकांशी सरळ बोलले असते तर पुस्तक वीस पानांत संपलं असतं. यावर सगळ्या हसल्या, पण हसता हसता तीन-चार जणींनी मान डोलावली ती मी पाहिली.

सगळ्यांच्या विरोधात बोलली ती फक्त एक. तिचे यजमान २०१६ साली गेले. ती एरवी बैठकीत विणकाम करते आणि ऐकते. म्हणाली, "एमा गेल्यावर पुस्तक संपत नाही, हे तुम्ही कुणी बोलत नाही. पुढची तीन वर्षं आहेत. त्याचं दर १५ जुलैला काय होतं ते लिहिलंय. मला तेवढंच खरं वाटलं. आपल्याकडे तर तिथी वेगळी आणि तारीख वेगळी. दोन्ही येतात." मग पुन्हा टाके मोजायला लागली. क्षणभर कुणी काही बोललं नाही.

तिला माहीत नसेल, पण तिने कादंबरीच्या मुळावरच बोट ठेवलं होतं. थॉमस हार्डीच्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' (१८९१) मध्ये टेसच्या मनात एक विचार येतो. वाढदिवस आपल्याला माहीत असतो, पण वर्षाच्या दिवसांत आपल्या मरणाची तारीखही कुठेतरी दडलेली असते आणि दरवर्षी ती गुपचूप आपल्यासमोरून निघून जाते. निकल्सनी २००८ साली बीबीसीसाठी 'टेस'चं मालिकेत रूपांतर केलं होतं आणि 'वन डे'ची कल्पना तिथून आल्याचं ते मान्य करतात. म्हणजे १५ जुलै ही भेटीची तारीख आपण सोळा वर्षं वाचतो, ती पहिल्या पानापासूनच एमाच्या मरणाचीही असते. तेव्हा मृत्यू आयत्या वेळी आणून चिकटवला, या आक्षेपात मला तथ्य वाटत नाही. बाई मारून बाप्या शहाणा केला, हा आक्षेप मात्र मी खोडून काढू शकत नाही. एमाचा आधीचा जोडीदार इयन हा होतकरू विनोदवीर, त्याचीही लेखकाने गरजेपेक्षा जास्त फजिती केली आहे.

माझा खरा मतभेद आहे तो मुख्याध्यापिकाबाईंशी, त्या 'वाया' या शब्दाशी. १९८८ सालीच हे दोघं एकत्र आले असते तर? माझ्या मते १९९० उजाडायच्या आत सगळं आटोपलं असतं. तो डेक्स्टर एमाच्या लायकीचा नव्हता आणि ती एमा त्याला सुधारण्याच्या हट्टात स्वतःला विसरली असती. त्या तेरा वर्षांत ती काही खिडकीत वाट पाहत बसलेली नाही. नोकऱ्या करते, चुकते, एक नातं निभावते आणि मोडते, लेखिका होते. आणि या सगळ्यात तिला एक मित्र आहे. आपण प्रेमकथा वाचतो तेव्हा मैत्रीला खालची पायरी धरतो, वर चढायच्या आधीची. मग जितकी वर्षं त्या पायरीवर गेली तितकी फुकट. मला वाटतं, या कादंबरीतलं सर्वांत दुखरं प्रकरण मृत्यूचं नाहीच, ते आहे १९९५ चं. दोघं एका महागड्या हॉटेलात जेवायला भेटतात. यशाने आणि नशेने फुगलेला डेक्स्टर तिच्या मास्तरकीची टर उडवतो, तिच्याशी बोलताना नजर दुसरीकडेच. एमा उठते आणि मैत्री संपवून बाहेर पडते. पुढे एका मैत्रिणीच्या लग्नात गाठ पडेपर्यंत ती दोघं एकमेकांच्या आयुष्यात नाहीत. वाया गेली असतील तर ती वर्षं.

कॉलेजच्या कथांवर आपण इतके तावातावाने का बोलतो? सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ ची. तिच्यावर २०१३ मध्ये चित्रपट निघाला तेव्हा मूळ पुस्तकावर जीव असलेले वाचक एकेका बदलासाठी भांडले होते. कारण त्या पुस्तकातल्या कट्ट्यावर प्रत्येकाने आपापलं कॉलेज आणून बसवलेलं होतं. 'वन डे'वर मत देतानाही बहुतेक जणी स्वतःचाच हिशेब मांडत होत्या. म्हणूनच मी गप्प होते.

धाकटीने बैठकीत एक प्रश्न विचारला होता. कादंबरीतला १९९० चा दिवस अर्धा मुंबईत घडतो. डेक्स्टर तेव्हा भारतात भटकतोय. तो एमाला लांबलचक पत्र लिहितो, इकडे ये, आपण ताजमहालापाशी भेटू म्हणतो. ते पत्र तो पिऊन तर्र अवस्थेत बारमध्येच विसरतो. पुढे ते सापडतं एका जर्मन मुलीला, पण त्यावर पत्ता नाही. ते कधीच पोचत नाही आणि असं पत्र लिहिलं गेलं होतं हे एमाला कळतही नाही. धाकटी म्हणाली, "हे मला पटतच नाही. एवढं महत्त्वाचं होतं तर त्याने पुन्हा का नाही लिहिलं?" आम्ही साठीच्या आसपासच्या बायका एकमेकींकडे बघून हसलो. मोबाइल हातात घेऊन वाढलेल्या मुलीला कसं सांगायचं, की पत्राला उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजायची पद्धत होती?

मीही १९८८ सालीच बी.ए. झाले. सांगलीत. कॉलेजच्या वार्षिकांकाचं संपादन दोन वर्षं मी आणि वर्गातल्या एका मुलाने केलं. छापखान्यात मुद्रितं तपासत बसायचं, कवितांवरून वाद घालायचे, परतताना एक भडंग दोघांत. तसलं काही नव्हतं. 'तसलं काही नव्हतं' हे वाक्य आमच्या पिढीत मुलामुलीच्या मैत्रीचं संपूर्ण वर्णन म्हणून वापरलं जायचं, दुसरा शब्द नव्हता. परीक्षेनंतर तो एका साखर कारखान्याच्या कचेरीत लागला. आंतर्देशीय पत्रं यायची, घडीच्या कडेपर्यंत बारीक अक्षरात भरलेली. वाचलेली पुस्तकं, साहेबाच्या नकला, एकदा तर पूर्ण पत्रभर खोलीचं गळकं छप्पर.

१९९० च्या मेमध्ये माझं लग्न झालं. पावसाळ्यात त्याचं पत्र नव्या पत्त्यावर आलं. सासूबाईंनी ते न उघडता माझ्या हातात दिलं आणि सहज विचारलं, "कुणाचं गं?" मी म्हटलं, "कॉलेजातल्या मैत्रिणीचं." त्यांना संशय आला नव्हता. कुणी रागावलं नव्हतं, कुणी मना केलं नव्हतं. ते खोटं माझं मीच बोलले, आणि उत्तर लिहिलं असतं तर पुढच्या पत्राला पुन्हा तेच बोलावं लागलं असतं. म्हणून मी उत्तर लिहिलं नाही. त्यानंतर आणखी तीन पत्रं आली. शेवटच्यात एकच ओळ होती, सगळं ठीक ना, एवढं विचारणारी.

२०२३ मध्ये आमच्या वर्गाचा स्नेहमेळावा झाला. पस्तीस वर्षांनी तो भेटला. बायको बरोबर होती, त्या छान बोलल्या. तो म्हणाला, वार्षिकांकाची एक प्रत अजून जपून ठेवली आहे. दहा मिनिटं बोललो, तेवढ्यात ग्रुप फोटोसाठी हाका सुरू झाल्या. पत्रांचा विषय त्याने काढला नाही. मीही नाही. त्याला काही प्रेमभंग वगैरे झाला होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण एका चांगल्या मित्राने बत्तीस-तेहतीस वर्षं आपलं काय चुकलं असा विचार अधूनमधून केला असेल, तर ती चूक त्याची नव्हती, एवढं त्याला कळायला हवं होतं.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, वर्तमानपत्र वाचून झालं होतं, तेव्हा त्यांनी ते 'क्रिकेटचं' पुस्तक पुन्हा उचललं आणि चार दिवसांत संपवलं. त्यांचं मत असं, की डेक्स्टरच्या टीव्हीच्या भानगडी लांबल्या आहेत आणि त्याची आई छान उतरली आहे. मग चष्मा पुसत म्हणाले, "तुझा होता का असा कुणी?" मी सांगितलं. खोटं बोलले तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग लिहायचंस की उत्तर. मी काय बोललो असतो?"

खरंच, काय बोलले असते? आज साठी ओलांडल्यावर हे म्हणणं सोपं आहे. १९९० साली ते सत्तावीस वर्षांचे होते, घरात दोन दीर, एक नणंद, आणि पत्र आलं की सगळ्यांना दिसायचं. काही बोलले नसते, असं मला आज वाटतं. त्या वेळी विचारून पाहिलं नाही, तेव्हा माझ्याकडे दुसरा पुरावा नाही. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. ते म्हणतात, मी त्यांच्यावर अन्याय केला. असेलही.

पुस्तकाची आणखी एक प्रत मी मागवली आहे. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात त्याचा नंबर आहेच, त्यावर विचारून घरचा पत्ता घेतला. त्याने पिनकोडसकट लगेच पाठवला आणि विचारलं, "काय, वार्षिकांक काढतेस की काय पुन्हा?" पुस्तकात घालायची चिठ्ठी लिहायला घेतली आहे. दोन कागद फाडून झालेत.