भाग कोणाचे, भट्टी कोणाची?

धातूचा एखादा लहान कारखाना डबघाईला आला की सर्वप्रथम ओरड ऐकू येते ती भागधारकांची. लाभांश बुडाला, भागाचा भाव कोसळला, संचालकांनी पैसा आपल्याच दुसऱ्या कंपन्यांकडे वळवला, ताळेबंद वेळेवर मिळत नाही, वार्षिक सभेत प्रश्न विचारणाऱ्याला अध्यक्ष खाली बसवतात. या तक्रारी बहुधा खऱ्या असतात. आयुष्याची पुंजी चार भागांत गुंतवलेल्या निवृत्त शिक्षकाची फसवणूक ही फसवणूकच होय. तिची टवाळी करण्यात समाजवाद्यांनी धन्यता मानण्याचे कारण नाही. पण त्याच कारखान्यात वीस वर्षे भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाला हीच तक्रार करण्याचा अधिकार कायद्याने का नाकारावा?

शंभर सभासद, किंवा एकूण सभासदांपैकी एकदशांश, किंवा एकदशांश भागभांडवल बाळगणारा एकटा गृहस्थ गैरकारभाराविरुद्ध दाद मागू शकतो. १९५६ च्या कंपनी कायद्यात हे होते, २०१३ च्या कायद्यातही आहे. कारखान्यातील सहाशे कामगारांची मात्र त्यात गणती नाही. कंपनी गुंडाळण्याचा अर्ज आल्यास कामगारांचेही म्हणणे ऐकले पाहिजे, एवढे ठरायला डिसेंबर १९८२ उजाडावा लागला. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी दोघांना तेवढेही मान्य नव्हते!

मुंबईत कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जची हकीकत या संदर्भात पुन्हा आठवण्याजोगी आहे. तांब्याच्या व मिश्रधातूंच्या नळ्या करणारा हा कारखाना. मालक कुटुंबातील भाऊबंदकीने कारभाराची वाताहत झाली आणि १९८५ साली तो बंद पडला. याच समूहातील कमानी इंजिनिअरिंग १९८२ मध्ये गोएंकांनी उचलली होती. ट्यूब्जकडे कोणी धनिक फिरकला नाही. तेव्हा कारखाना कामगारांनाच चालवू द्यावा, ही मागणी घेऊन त्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. प्रकरण औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळापुढे आले आणि १९८८ साली मालकी कामगारांच्या सहकारी संस्थेकडे सोपवण्याची योजना मंजूर झाली.

आता मात्र कुटुंबातील काही भागधारकांना आपल्या हक्काची आठवण झाली. वास्तविक १९८५ च्या आजारी उद्योग कायद्यानुसार कंपनी आजारी ठरे ती साचलेल्या तोट्याने तिचे संपूर्ण नक्त मूल्य गिळल्यावरच. म्हणजे ज्या भागांसाठी हे भांडण होते, त्यांत भांडवल असे काही उरलेच नव्हते. उरली होती ती यंत्रे आणि ती चालवणारे हात. योजना सर्वोच्च न्यायालयातही टिकली. भविष्यनिर्वाह निधीसारख्या आपल्या हक्काच्या पैशातून कामगारांनी भाग घेतले आणि १९८९ मध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला.

कमानीची कथा सांगताना चळवळीतील पुष्कळ वक्ते १९८९ लाच थांबतात. टाळ्या तिथेच मिळतात, हे त्याचे कारण असावे. पहिली काही वर्षे बरी गेली. पुढे मात्र कारखाना पुन्हा संकटात सापडला. नळीच्या धंद्यात खर्चाचा मोठा वाटा तांब्याचाच. तांबे आधी विकत घ्यावे लागते, तयार मालाचे पैसे मागाहून येतात. मधल्या काळात लागणारे खेळते भांडवल केवळ घामातून निर्माण होत नाही. शिवाय, पगारी व्यवस्थापकाचा अधिकार कोठे संपतो आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीचा कोठे सुरू होतो, हा प्रश्न अशा प्रत्येक कारखान्यात उभा राहतो. भागपत्र हाती आले म्हणून खतावणी वाचता येते असे नाही. ती वाचायला शिकवण्याचे काम संघटनांचे होते, आणि पगारवाढीच्या करारांपलीकडे ज्यांची दृष्टी गेली नाही अशा बहुतेक संघटनांनी ते केले नाही.

आजारी उद्योगांचा तो कायदाही १ डिसेंबर २०१६ पासून रद्द झाला. त्याची जागा घेणाऱ्या दिवाळखोरी संहितेत कंपनीचे भवितव्य ठरवते ती वित्तीय धनकोंची समिती. तिथे कामगाराला मत नाही. कंपनी विकून टाकायची वेळ आल्यास मागील चोवीस महिन्यांच्या थकबाकीपुरते त्याला तारणधारक धनकोच्या पंगतीत बसवले जाते, भविष्यनिर्वाह निधीही सुरक्षित मानला जातो. म्हणजे मेजवानी उठल्यावर पत्रावळीचा हिशेब! लहान भागधारकाची गत त्याहून वाईट, कारण वाटपात तो अगदी शेवटी. दोघांचेही नुकसान एकाच बंद खोलीत ठरते, तरी सभागृहात ते एकमेकांकडे पाठ करून बसतात.

१९७६ साली राज्यघटनेत अनुच्छेद ४३-अ घालून व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे वचन दिले गेले. १९९० मध्ये त्यासाठी राज्यसभेत विधेयकही आले. त्याचा कायदा झाला नाही. आज मागायचे असेल तर प्रथम हेच मागावे: कारखाना चालू असतानाच कच्च्या मालाची खरेदीपत्रके, साठ्याची वही आणि संचालकांच्या नातलग-कंपन्यांशी झालेले व्यवहार दर तिमाहीला कामगारांच्या निवडून दिलेल्या प्रतिनिधींपुढे ठेवले जावेत. भट्टीत किती तांबे गेले आणि कागदावर किती दाखवले, हे ओळखायला त्यांना लेखापालाची गरज पडत नाही. वार्षिक सभेत खाली बसवल्या जाणाऱ्या त्या शिक्षकानेही या मागणीवर सही करायला हरकत नसावी.